कपाळातून की नाकातून

डोक्यातली गाठ नाकातून काढतात, असं मी खामगावच्या दवाखान्यात पहिल्यांदा बोलले, तेव्हा आमची आया गंगूबाई हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "बाई, मुंबईच्या हवेनं तुमाले फेकाची सवय लागली," ती म्हणाली. "नाकातून शेंबूड निंगते. गाठ कशी निंगन?"

गंगूबाईचं चुकलं नव्हतं. मीही डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं.

मी नागपूरला नर्सिंग शिकले आणि पुढे मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या थिएटरमध्ये सिस्टर म्हणून राहिले. महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. पुढे आईला अर्धांगवायू झाला, म्हणून वर्षभरासाठी खामगावला आले आणि इथेच राहिले. इथे बाळंतपणं, हर्निया आणि कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात सापडलेले हात. काम कमी नव्हतं. पण लोक विचारतात ते मुंबईचंच. आणि ज्यांच्या घरात तसा आजार निघतो ते एकच विचारतात, कपाळातून बरं की नाकातून?

आधी आजार सांगते. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या मागे, हाडात एक खळगा असतो, घोड्याच्या खोगिरासारखा. त्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते. तिला पियुषिका म्हणतात. शरीराची वाढ, बायकांची पाळी, मूल होणं, अंगातलं पाणी, सगळ्यावर तिचा हुकूम चालतो. तिच्यात गाठ झाली की हुकूम बिघडतात. कोणाची पाळी थांबते, कोणाचे हातपाय आणि जबडा मोठ्या वयात पुन्हा वाढू लागतात. गाठ खळग्यात मावेनाशी झाली की वर सरकते, आणि वर नेमक्या दोन्ही डोळ्यांच्या नसा असतात. त्या दाबल्या की माणसाला समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसत नाही. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसं.

मी मुंबईला गेले तेव्हा वाट एकच होती. सगळं डोकं भादरायचं, कपाळाच्या वर केसांच्या रेषेत चीर द्यायची, हाडाला भोकं पाडून तारेच्या करवतीनं एक झाकण कापून काढायचं. ते हाड माझ्या ताब्यात असे. मिठाच्या पाण्याच्या वाटीत ठेवलेलं, ओल्या फडक्याखाली. मग सर्जन मेंदूचा पुढचा भाग पट्टीनं हळूच उचलत आणि त्याखालून गाठीपर्यंत जात. या वाटेचा मोठा गुण असा, की डोळ्यांच्या नसा डोळ्यांपुढे असतात. काय वाचवायचं ते दिसतं. दोष असा, की मेंदू उचलावा लागतो आणि मेंदूला ते आवडत नाही.

एक रेल्वेतले गार्ड असे बरे होऊन गेले. सिग्नल दिसेनासा झाला म्हणून आले होते, तो दिसू लागला. तपासणीला आले तेव्हा त्यांच्या बायकोला मी म्हटलं, "आता छान आहे ना?" तिनं जरा वेळ पदराशी चाळा केला. "आहे की. आधी आमटीत मीठ कमी पडलं तर ताट ढकलून द्यायचे. आता मी मीठच घातलं नाही तरी गुमान जेवतात." मग म्हणाली, "सिस्टर, माणूस परत दिलात, पण भांडण ठेवून घेतलंत." वास त्यांना कायमचा गेला होता. सर्जनांनी केसपेपरवर 'उत्तम' लिहिलं. तेही खरंच होतं.

पुढे आमच्याकडे परदेशात शिकून आलेले एक तरुण सर्जन रुजू झाले आणि नाकाची वाट सुरू झाली. तीही काही अगदी नवी नव्हती. फार पूर्वी करत, आत उजेड पुरत नाही म्हणून सोडून दिली होती. आता दुर्बीण आली, आणि आत हत्यार कुठे आहे ते दाखवणारा क्ष-किरणांचा पडदा आला. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर चीर, नाकाच्या पडद्याच्या कडेनं आत, मागच्या पोकळीतून थेट खळग्याच्या तळाला. केस काढायचे नाहीत, मेंदूला हात लावायचा नाही, बाहेर व्रण नाही. मला जड शिशाचा झगा घालून तासन्‌तास उभं राहावं लागे, तेवढाच त्रास. दोष दोन. नाकात जंतू असतात, ते आत जाऊ शकतात. आणि भोक अरुंद. खळग्यातली गाठ निघते, पण खळग्याच्या वर उंच गेलेली गाठ खाली उतरली तरच हाताला लागते. ती उतरेल का, हे आधी कोणालाच सांगता येत नसे.

मलकापूरचे एक रफूगर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. माझा मुलूख कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. थिएटरमध्ये नेताना म्हणाले, "सिस्टर, नाकातून जाऊन राह्यले तर जा, पण शिवण बारीक घाला. आपल्या गावची इज्जत हाय." गाठ छान निघाली. सुईत पहिल्या खेपेला दोरा ओवून त्यांनी सगळ्या वॉर्डाला दाखवला. मग एका सकाळी खाली वाकले आणि नाकातून पाण्यासारखं काही ठिबकलं. त्यांना वाटलं सर्दी. ते मेंदूभोवतालचं पाणी होतं. खळग्याचं भोक बुजवायला आत लावलेलं ठिगळ सुटलं होतं. पुन्हा शिवायच्या आत ताप चढला, मान आखडली. ते मलकापूरला परत गेले नाहीत.

म्हणून कोणती वाट बरी असं कोणी विचारलं की मी पटकन उत्तर देत नाही.

खामगावला आल्यावर वाटलं होतं, हा विषय संपला. तसं झालं नाही. एक दिवस उंद्रीहून मधुकरराव जोशी आपल्या बायकोला घेऊन आले. घरची शेती, चांगलं पक्कं घर. बायको विमल, पस्तिशीची. उघड्या कवाडाच्या कडेवर आपटून भुवईपाशी खोक पडली होती. आमचे डॉक्टर टाके घालत होते आणि मी तिचा हात धरून होते. तो हात पंजासारखा रुंद आणि जाड होता. मनगटात बांगडी नव्हती. हिरवा दोरा बांधलेला होता.

"बांगड्या?"

"चढत नाहीत," ती म्हणाली. आवाज घोगरा. "कासाराकडे एवढं मापच नाही."

"आणि या चपला कोणाच्या?"

"ह्यांच्या." ती हसली. "आता त्याही दाबतात."

पाळी बरीच वर्षं बंद होती. मूल नव्हतं. नातेवाइकांनी मधुकररावांना दुसरं लग्न सुचवून पाहिलं होतं, त्यांनी केलं नाही. डॉक्टरांनी तिच्या दोन्ही कानांजवळ बोटं हलवली. तिला दिसली नाहीत. त्यांनी हा आजार पुस्तकात वाचला होता, मी थिएटरात पाहिला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि डोक्याचा फोटो काढला. खळगा वाटीसारखा पसरला होता.

माझी चिठ्ठी घेऊन ते मुंबईला गेले. तपासण्या झाल्या. आमचे जुने सर्जन म्हणाले, गाठ वर गेली आहे, डोळ्यांना धोका आहे, कपाळातून करा. तरुण सर्जन म्हणाले, आधी नाकातून जमेल तेवढी काढून पाहू, उरली तर पुढे कपाळ आहेच. दोघांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. घरच्यांनी ठरवावं असं सांगून त्यांना परत पाठवलं. ठरवायला त्यांनी मला उंद्रीला बोलावलं.

ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या. विमल त्यांना आत्याबाई म्हणायची, मी काकू म्हणू लागले. ब्राह्मण घरातल्या जुन्या विधवा, लाल लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर. गावात त्यांचा दरारा होता. शब्दाला धार होती.

"सिस्टर, सरळ सांगा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरलोक इंग्रजी बोलून राहिले अन् हा मधू नुसता मान हलवून आला."

मी म्हटलं, "असं समजा, घराच्या मागच्या खोलीत चोर बसला आहे. एक वाट पुढच्या दारानं. सगळं घर ओलांडून, सामान बाजूला करत जायचं. धक्का लागतो, पण खोलीत पोचलं की सगळं दिसतं. दुसरी वाट मोरीच्या भोकातून. घराला धक्का नाही. पण हात पुरेल तेवढंच. चोर माळ्यावर चढला असेल तर त्याचे पाय तेवढे हाताला लागतील."

"अन् आमचा चोर माळ्यावर चढला?"

"अर्धा."

"मग पाय धरून ओढा की! काऊन घर उकलता?"

मधुकरराव हसले. मीही हसले. मग मी कपाळाच्या वाटेचं सगळं सांगितलं, डोकं भादरण्यासकट.

काकूंचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"सगळं?" काकूंनी विचारलं.

"सगळं. जंतू राहू नयेत म्हणून."

"माझा मुलगा जिवंत आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याच्या बायकोच्या डोक्याला न्हावी हात लावणार नाही."

"आई, औषधासाठी आहे ते," मधुकरराव म्हणाले.

"तू गप बस. तुला काय कळते त्यातलं?"

इतका वेळ विमलला कोणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती खांबाला टेकून बसली होती, मान सारखी इकडेतिकडे वळवत, बोलणारा माणूस शोधत. म्हणाली, "केस परत येतात, आत्याबाई. डोळे येतात का?"

काकू उठल्या. सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर खाली ओढला. तासलेलं, पांढुरकं डोकं. कानाच्या वर जुना वस्तऱ्याचा व्रण. मुलानं ते कधी पाहिलं नसावं, तो दुसरीकडे बघू लागला.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "समोरचं दिसते ना तुला? मी तुझ्याहून लहान होते. मधू अंगावर पीत होता. मला चौघींनी धरलं होतं. त्यानंतर या घरातल्या एकाही लग्नात मी मांडवात गेले नाही. सकाळी वाटेत दिसले तर लोक थांबून मला आधी जाऊ देत, मानानं नाही. केस परत येतात म्हणते! तोपर्यंत लोक काय काय बोलतात ते तुला ठाऊक नाही, मला आहे. मी असेपर्यंत तुझं हे होऊ देणार नाही."

मी जुन्या समजुतीशी भांडायला तयार होऊन गेले होते. ही समजूत नव्हती. तरी मी माझं काम केलं. म्हटलं, "नाकातून केलं तर वरचा तुकडा राहण्याची शक्यता आहे. राहिला तर नजर जाईल. हे ऐकून मग ठरवा."

विमलनं हात वर करून चाचपत सासूचा पदर पकडला आणि तो पुन्हा त्यांच्या डोक्यावर सारला. "नाकातून करा," ती म्हणाली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. डोकेदुखी गेली. चेहऱ्यावरची सूज उतरली, बोटं जरा बारीक झाली. परतताना ती खामगावला उतरून आम्हाला पेढे द्यायला आली. वेणीत अबोलीचा गजरा होता. गंगूबाईनं तिच्या नाकाभोवती फिरून नीट तपासणी केली. "कुठूनच काई दिसत नाई व माय. मंग यायनं खोटंच सांगतलं का काय?" विमल इतकी हसली की ओठाखालची जखम दुखली. उंद्रीला काकूंनी कासाराला घरी बोलावून सर्वांत मोठ्या मापाच्या बांगड्या भरवल्या. भरताना त्या स्वतः दाराआड उभ्या राहिल्या, असं विमलनं मला नंतर सांगितलं.

वर तुकडा राहिला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी किरणांचे शेक घ्यायला पुन्हा यायला सांगितलं होतं. मधुकरराव पेरणी झाली की म्हणाले, मग कापूस निघाला की म्हणाले. बरं वाटणाऱ्या माणसाला दवाखान्यात ढकलणं कठीण असतं. आणि नजर दोन्ही बाजूंनी आणखी आकसू लागली तेव्हा विमलनं ते कोणाला सांगितलं नाही. भिंतीला हात लावून घरात फिरायची. ताटाच्या दोन्ही कडांचं तसंच राहायचं, आणि ती म्हणायची, भूक नाही. कळलं ते काकूंना. त्यांनी एक दिवस ताट फिरवून दिलं, आणि भूक नसलेल्या विमलनं समोर आलेली भाजी खाल्ली.

त्या स्वतः खामगावला आल्या. दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "तिनं मला वाचवायला लपवलं, सिस्टर. आता तुमच्या पुढच्या दारानं चला."

मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. जलंबला गाडी बदलताना काकूंनी विमलचा हात सोडला नाही. मुंबईत न्हावी आला तेव्हा मी पडदा लावला आणि त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. त्या थांबल्या नाहीत. विमलची वेणी त्यांनीच सोडली. केस जाड होते, या आजारात होतात तसे. न्हाव्यानं वस्तरा पाजळला.

"सावकाश कर, बाबा," काकू म्हणाल्या. "घाई करू नको. माझ्या वेळी फार घाई केली होती."

तो बिचारा मुंबईचा माणूस, रोज दहा डोकी करणारा. त्याला काही कळलं नाही. पण त्यानं सावकाश केलं.

थिएटरमधल्या सिस्टर माझ्या ओळखीच्या, त्यांनी मला मागे उभं राहू दिलं. जुने सर्जन पट्टीनं मेंदू उचलून नसांपर्यंत पोचले. चांगली नस पांढरी, गोल, सुतळीसारखी असते. इथे एक नस ताणून कागदासारखी पातळ झाली होती आणि दुसरीवर पिवळट झाक होती. गाठ निघाली, सगळी निघाली. सरांनी त्या दोन नसांकडे पाहिलं आणि हाड मागितलं. आधीच कपाळातून केलं असतं तर नजर राहिली असती का, हे मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाले, "कदाचित. आणि कदाचित तेव्हा टेबलावरच नजर गेली असती. हे मला विचारू नका, आणि त्या म्हातारीला तर मुळीच सांगू नका."

पट्टी सुटल्यावर कळलं, डाव्या डोळ्यात काही नाही. उजव्यात उजेड आणि अंधार, एवढंच.

परतीच्या गाडीत आम्ही चौघं होतो. खिडकीशी विमल, तिला लागून काकू, समोर मधुकरराव आणि मी. शस्त्रक्रियेआधी बांगड्या, मंगळसूत्र काढलं होतं, कुंकू पुसलं होतं, ते तसंच राहिलं होतं. भुसावळला एक शेतकरी बाई चढली, मलकापूरला जाणारी. पोटली पायाशी ठेवून ती आमच्याकडे बघत बसली. वाऱ्यानं विमलचा पदर मागे गेला. तो गेलेला तिला दिसला नाही.

बाईनं चुकचुक केलं. "कवा झालं व माय हे? लय लहान हाय पोरगी." मग मधुकररावांकडे वळली. "भाऊ का तुमी तिचे? आता तुमालेच पाहा लागन."

मधुकरराव खिडकीबाहेर बघू लागले. विमल मान इकडेतिकडे वळवू लागली. आपल्याबद्दल आहे हे तिला कळलं होतं, पण बाई कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं.

मी बोलणार होते. काकूंनी हातानं मला थांबवलं.

"तिच्या पिशवीत करंडा आहे," त्या म्हणाल्या. "द्या इकडे."

मी काढून दिला. मला वाटलं, झाकण उघडून त्या माझ्याकडे देतील, किंवा त्या बाईकडे. विधवेनं सवाष्णीला कुंकू लावायचं नसतं, आणि मधुकरराव अंगावर पीत होते तेव्हापासून काकूंनी करंड्याला हात लावलेला नव्हता. त्यांनी गाडीच्या हिसक्यात दोनदा चुकत झाकण काढलं आणि बोट आत बुडवलं. समोरची बाई "अवो, अवो बाई, तुमी नका!" म्हणत अर्धी उठली.

बोट कपाळाला टेकलं तशी विमल दचकली. "कोण?"

"मी."

"आत्याबाई, तुम्ही?"

"हलू नको," काकू म्हणाल्या. "व्रणाला लागेल."